धागा: रिस्टोर न केलेल्या जुन्या फोर बाय फोर गाडीची किंमत नेमकी कशात असते?

टायरखुणा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथलं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दोन गाड्या बघून आलोय, दोन्ही लँड रोव्हर सिरीज थ्री, ८८ इंची (पुढच्या मागच्या चाकांमधलं अंतर), पेट्रोल. पहिली १४ वर्षं एका शेडमध्ये उभी आहे, रंग उडून खडूसारखा झालाय, हात लावला की बोटाला हिरवा भुगा लागतो, टायर तडकलेत, इंजिन गेल्या कित्येक वर्षांत कुणी चालू केलेलं नाही. पण मी दोन तास बघितली आणि एकही वस्तू कुणी बदललीये असं वाटलं नाही. दुसरी एकदम चकाचक, नवीन रंग, नवीन सीट कव्हर, खालून काळीकुळकुळीत, चावी फिरवली की पहिल्या सेल्फला चालू. तिची मागणी पहिलीच्या बरोबर दुप्पट आहे.

घरचे म्हणतात चालू गाडी घे, बंद गाडी म्हणजे पांढरा हत्ती. मी पहिलीजवळून निघालो तेव्हा पाय निघत नव्हता हे खरं. पण नुसत्या मनाला वाटतं म्हणून एवढे पैसे घालायचे नाहीत. जाणकारांनी सांगा, अशा न हात लावलेल्या गाडीची किंमत ठरवताना तुम्ही सगळ्यात आधी काय बघता?

पाटे_शॅकल
चासी. मग बल्कहेड. मग परत एकदा चासी. इंजिन सगळ्यात शेवटी.

जरा सविस्तर सांगतो कारण इथेच लोक फसतात. लँड रोव्हरची बॉडी बर्माब्राइट नावाच्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, ती गंजत नाही, त्यामुळे वरून बघणाऱ्याला गाडी ठणठणीत वाटते. १९४८ मध्ये अॅमस्टरडॅमच्या मोटर शोला पहिली लँड रोव्हर दाखवली तेव्हापासूनची ही रचना, युद्धानंतर स्टीलचा तुटवडा होता म्हणून अॅल्युमिनियम घेतलं. पण खालची चासी स्टीलची आणि तुमच्या पायांसमोरची भिंत म्हणजे बल्कहेड तेही स्टीलचं. गंज जो काय खातो तो तिथे. म्हणून चुंबक घेऊन बॉडीवर फिरवण्यात काही अर्थ नाही, खाली झोपायची तयारी ठेवा.

एक लहान हातोडी घ्या आणि एक बोथट स्क्रू ड्रायव्हर. मालकाला आधी विचारा, मग मागच्या क्रॉस मेंबरपासून, म्हणजे चासीच्या मागच्या आडव्या दांडीपासून सुरुवात करा, कारण चिखल तिथेच साठतो. पक्क्या लोखंडावर हातोडी वाजली की टणटणीत आवाज येतो आणि ती उसळते, सडलेल्यावर भद्द आवाज येतो आणि हातोडी तिथेच बसते. दोनचार वेळा केलंत की कानाला फरक कळायला लागतो. मग आउटरिगर म्हणजे चासीपासून बाजूला निघालेले आधाराचे हात, स्प्रिंगचे हँगर म्हणजे स्प्रिंग जिथे चासीला अडकते ते कंस, पेट्रोल टाकीच्या वरची बाजू. बल्कहेडला पायाजवळचे कोपरे आणि दरवाजाच्या बिजागरीचे खांब बघा. दरवाजा उघडून वर उचलून बघा, खांब हलतो का बिजागरी हलते हे डोळ्यांनी दिसेल. बिजागरी बदलता येते, पण खांब सडला असेल तर पुढची अख्खी बॉडी सोडवावी लागते.

आणि खालून काळीकुळकुळीत म्हणालात ना, मला त्या शब्दाचीच भीती वाटते.

जुनं_लोखंड
पाटे काकांच्या शेवटच्या ओळीला माझे दहा वेळा अनुमोदन.

माझा अनुभव लिहितो. मी जी पहिली जुनी गाडी घेतली ती अशीच नुकतीच रंगवलेली होती, विकणाऱ्याने खालून जाड काळा कोट मारलेला, मला वाटलं किती काळजी घेतलीये. घेतल्यावर पाचव्या महिन्यात डाव्या बाजूचा मागचा हँगर खड्ड्यात बसताना आत दबला. कोट खरवडला तर खाली पत्र्याचा पॅच, पॅचखाली अजून एक पॅच, आणि त्याच्या खाली मूळ चासी म्हणून जे होतं ते बोटाने तुटत होतं. वेल्डिंग फक्त बाहेरून चिकटवलेलं, धरायला आत काही नव्हतंच. मग चासी उघडी करण्यासाठी तो नवा रंग, नवीन मॅट, नवी सीट सगळं काढावं लागलं, म्हणजे ज्या गोष्टीचे जास्त पैसे मोजले तीच आधी फेकली.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. उघडा गंज मोजता येतो, झाकलेला येत नाही. रिस्टोर न केलेल्या गाडीची निम्मी किंमत यातच आहे की ती तुमच्यापासून काही लपवत नाही. जी आहे ती समोर आहे, भाव त्यावर ठरवता येतो.

लो_रेंज
थोडा वेगळा सूर लावतो. सगळेच म्हणतात म्हणून मूळ गाडी म्हणजे सोनं असं धरून चालू नका. सिरीज लँड रोव्हरची नवी गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा थर दिलेली चासी आज तयार मिळते, बल्कहेडही नवं मिळतं. विलिस जीपची तर अख्खी नवी स्टील बॉडी मिळते. मग सडलेल्या लोखंडाची एवढी पूजा कशाला? ज्याला गाडी चालवायची आहे, रानात न्यायची आहे, त्याच्यासाठी नवीन चासीवरची गाडी जास्त चांगली, भरवशाची. टायरखुणा दादा, तुम्हाला गाडी वापरायची आहे का ठेवायची आहे हे आधी ठरवा, त्याशिवाय किंमत ठरत नाही.

सात_खाचा
लो_रेंज, मुद्दा बरोबर आहे पण तोच उलटा करून बघा. जे नवं मिळतं त्याला भाव राहत नाही, जे मिळत नाही त्याला राहतो. नवी बॉडी पैसे दिले की येते. १९४४ ची गाडी १९४४ सालीच बनली ह्याचा पुरावा मात्र विकत मिळत नाही.

माझा विषय जीप, म्हणून त्याचं उदाहरण. युद्धाच्या काळात विलिसने एमबी बनवली आणि फोर्डने जीपीडब्ल्यू, दोन्ही मिळून साधारण ६.४ लाख. लांबून सारख्याच दिसतात. पण पुढचं बॉनेट उघडून रेडिएटरच्या खाली चासीचा आडवा मेंबर बघा, गोल नळी असेल तर विलिसची चासी, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्डची. फोर्डला आपल्या पार्टवर इंग्रजी एफ अक्षर ठोकायची सवय, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा. मी एकदा एका जीपखाली झोपून टॉर्चने एकेक बोल्ट पुसत गेलो होतो, चिखलाच्या थराखाली ते नखाएवढं अक्षर दिसलं तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही. आता हीच गाडी कुणी सँडब्लास्ट करून म्हणजे वाळूच्या माऱ्याने खरवडून बाजारातले नवे चकचकीत नट बोल्ट लावून रंगवली असती तर दिसायला छान झाली असती आणि तिची ओळख संपली असती.

अजून एक, डॅशबोर्डवरच्या डेटा प्लेटवर विश्वास ठेवू नका. त्या नव्या छापून मिळतात. नंबर चासीवर बघा. आणि सैन्याच्या डेपोमध्ये गाड्या उघडून परत जोडल्या जायच्या, तेव्हा विलिसचं इंजिन फोर्डच्या चासीत गेलं असं भरपूर झालंय, त्यामुळे मिसळ दिसली की लगेच खोटी म्हणू नका. जुनी मिसळ आणि मागच्या वर्षीची मिसळ यात फरक असतो, तो रंगाच्या थरांवरून आणि बोल्टच्या खुणांवरून कळतो.

एफजे_वाला
टोयोटा लँड क्रूझर एफजे४० बद्दल दोन शब्द, १९६० ते १९८४ एवढा मोठा काळ ती बनली. तिची बॉडी स्टीलची, म्हणजे लँड रोव्हरच्या उलट, गंज वरच दिसतो. मागच्या चाकांच्या कमानी, दरवाजाखालची पट्टी, मागची चौकट. छप्पर फायबरचं असतं पण त्याच्या कडेची पन्हळ स्टीलची, ती आतून खाल्लेली असते. आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे चासीला बसतो तिथे बारीक तडा आहे का हे बोटाने आणि टॉर्चने बघायचंच, मोठी चाकं घालून फिरवलेल्या गाडीत तर नक्की.

किंमत सगळ्यात जास्त खाली येते ती इंजिन बदललेलं असेल तर. ह्या गाड्यांमध्ये लोकांनी मोठी व्ही८ इंजिनं घातली. ताकद वाढते हे खरं, पण त्यासाठी माउंटिंग कापलेले असतात, फायरवॉल म्हणजे इंजिनमागची भिंत ठोकलेली असते, प्रोपेलर शाफ्ट म्हणजे चाकांकडे ताकद नेणारा दांडा, त्याची लांबी बदललेली असते. मूळ इंजिन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं असेल तर मालकाला जरूर विचारा, ते सोबत मिळालं तर चित्र बदलतं.

कापण्यावरून आठवलं. १९६६ ते ७७ च्या फोर्ड ब्रॉन्कोमध्ये मोठे टायर बसावेत म्हणून मागच्या चाकावरचा पत्रा कापायची इतकी पद्धत पडली की आज न कापलेली ब्रॉन्को म्हटलं की लोक वेगळ्या नजरेने बघतात. रंग उडालेला असू दे, सीट फाटलेली असू दे, तो पत्रा शाबूत आहे ना, बस. त्या काळी कुणाला वाटलं असेल की न केलेल्या कामाला एवढी किंमत येईल.

टायरखुणा
सगळ्यांचे मनापासून आभार. लो_रेंज, तुमचा प्रश्न योग्य आहे. मला गाडी वापरायची आहे पण रोज नाही, आणि ती जशी आहे तशी राहावी असं वाटतं. पहिल्या गाडीत पाहिलेल्या काही गोष्टी लिहितो, त्यांचा अर्थ सांगा. क्लचच्या पेडलचं रबर एका बाजूने झिजून गुळगुळीत झालंय, पण ब्रेकचं अजून खाचांसकट आहे. सीटखालच्या पेटीत जॅक आणि त्याचा दांडा आहे, त्यावर तोच हिरवा रंग. बॉनेटवर स्टेपनी आहे, तिच्याखाली रंग गडद आणि चमकदार. दरवाजाच्या खालच्या कडेला रंगाखाली पांढरी पावडर फुगून आलीये. पुढच्या दोन्ही चाकांच्या आत जो गोल चकचकीत गोळा असतो त्यावर तेलाचा ओला थर आहे. मीटरवर आकडा पाच अंकी, तो मी धरतच नाही.

रंगाचा_थर
दादा, तुम्ही बघितलंय फार छान. बॉनेटवर स्टेपनीच्या खालचा रंग म्हणजे गाडीचा जन्मदाखला आहे असं मी मानते. ऊन तिथे पोचत नाही. आता हाच रंग सीटच्या पेटीच्या आत, बिजागरीच्या मागे आणि बल्कहेडच्या आतल्या बाजूला ताडून बघा. सगळीकडे एकच छटा आणि एकच थर असेल तर गाडी कधी रंगवलेलीच नाही. मी गाड्या रंगवायचं काम करते आणि खरं सांगते, पूर्ण मूळ रंगातली गाडी माझ्याकडे आली की मी तिला रंगवायला नाही म्हणते. रंग कधीही मारता येतो, पण एकदा मारला की मूळ रंग कुठल्याच पैशाने परत येत नाही.

पांढरी पावडर म्हणजे अॅल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना चिकटून ओल्यात राहिले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, त्याचा तो भुगा. दरवाजाची आतली चौकट स्टीलची असते म्हणून तिथे येतो. कुठवर गेलाय ते बघा, पण घाबरायचं कारण नाही.

आणि हे फक्त आपल्या आवडीचं म्हणणं नाही. जुन्या वाहनांची जी जागतिक संघटना आहे, फिवा, १९६६ पासूनची, तिने २०१२ मध्ये ट्यूरिन चार्टर नावाची सनद केली, त्यात भर हाच आहे की जे मूळ आहे ते टिकवा, बदल कमीत कमी करा आणि जो कराल त्याची नोंद ठेवा. पहिली प्रॉडक्शन लँड रोव्हर, जेयूई ४७७, चासी नंबर ८६०००१, तिचं काम झालं तेव्हासुद्धा बॉडीवरच्या काळाच्या खुणा राखूनच झालं. खुद्द कंपनीने २०१८ मध्ये १९४८ च्या शोमधली गाडी हातात घेतली तेव्हाही खुणा जपायच्या असंच ठरवलं. एके काळी हे सगळं पॉलिश करून चकाकवलं असतं.

पाटे_शॅकल
त्या गोळ्याला स्विव्हल म्हणतात. ओला आहे म्हणजे सील गेलं, सील स्वस्त आहे. पण तेल पुसून नख फिरवा. क्रोमला बारीक खड्डे पडले असतील तर नवं सील महिन्याभरात परत फाटणार, मग गोळाच बदलावा लागतो आणि तो महाग पडतो. दोन्ही बाजूंचा वेगवेगळा बघा. एकदम कोरडा असता तर मी जास्त घाबरलो असतो, आत तेलच नाही असा त्याचा अर्थ निघू शकतो.

क्लचचं रबर झिजलेलं आणि ब्रेकचं नाही, म्हणजे एक तर ब्रेकचं मधे कधी बदललं किंवा गाडी क्लचवर पाय ठेवून चालवली गेलीये. क्लच प्लेटचा खर्च धरून ठेवा.

आता गिअर आणि अॅक्सल. बंद गाडी चालवून बघता येत नाही, तरी बरंच कळतं. डिफरेन्शियलचा, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचा, प्लग सोडून थोडं तेल काढा, बोटांत चोळा. दुधाळ असेल तर पाण्यात बुडवून चालवलेली आणि पाणी आत गेलेलं, बेअरिंगवर गंज असणार. चमचम करणारी बारीक पूड थोडी असतेच, पण टोकदार कण लागले तर दात तुटतायत.

पुढच्या मागच्या डिफरेन्शियलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, एकच आहे ना हेही बघा, सिरीजमध्ये मूळ ४.७ चा असतो, आणि लोक रेंज रोव्हरचा ३.५४ चा घालतात म्हणजे हायवेला वेग मिळतो. कुणी एकाच बाजूला घातला असेल तर फोर व्हीलला टाकल्यावर गाडी स्वतःशीच भांडते. बघायची पद्धत सोपी, त्या अॅक्सलचं एक चाक उचला, गिअर आणि ट्रान्सफर केस (पुढच्या मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) न्यूट्रल, चाक पूर्ण दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरतो ते मोजा, जवळजवळ पावणेपाच फेरे आले तर मूळ. पुढे हब लॉक, म्हणजे चाक शाफ्टपासून सोडवायची कळ, बसवलेले असतील तर ते आधी लॉक करा.

आणि हे मोठ्या अक्षरात समजून वाचा, ह्या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर लागतो. मागचं एक चाक उचललं की हँडब्रेक ओढलेला असला तरी गाडी घरंगळू शकते. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही.

जुनं_लोखंड
इंजिनबद्दल एकच विनंती. उत्साहात बॅटरी लावून सेल्फ मारू नका. १४ वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीला रिंगा धरलेल्या असतात, जोर दिला की तुटतात. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं पातळ ऑइल सोडा, दोनतीन दिवस तसंच राहू द्या, मग हँडल घालून हाताने सावकाश फिरवा. फिरलं तर अर्धी लढाई जिंकली. पुढे टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढायचं, ब्रेकचे सिलिंडर जाम असणारच, तो खर्च धरूनच चाला.

चालू होत नाही म्हणून मालक जो भाव पाडतो तो बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त असतो, आणि चालू आहे म्हणून जो चढवतो तोही. सिरीजचं सव्वादोन लिटरचं इंजिन साधं आहे, दुरुस्त होतं.

हिशोबनीस
मी तांत्रिक माणूस नाही, पण अशा चार गाड्यांच्या व्यवहारात बसलोय म्हणून पैशाचं सांगतो. ऑनलाइन जाहिरातीत जो आकडा दिसतो ती मागणी असते, किंमत नाही. गाडी वर्षभर तिथेच दिसत असेल तर समजा तो आकडा कुणालाच पटलेला नाही. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या गाड्यांचे आकडे शोधा, आणि त्यातही तुमच्यासारखीच रिस्टोर न केलेली गाडी बघा, पूर्ण केलेली नव्हे.

मग उलटा हिशोब करा. चांगल्या चालत्या अवस्थेतली मूळ गाडी किती रुपयाला विकली जाते त्यातून तिला तिथवर आणायचा खर्च वजा करा, आणि त्या खर्चावर अजून निम्मी रक्कम जास्तीची वजा करा, कारण उघडल्यावर काहीतरी निघतंच. जे उरेल तिथपर्यंत तुम्ही जाऊ शकता. लोक करतात काय, पूर्ण केलेल्या गाडीचा भाव बघून न केलेलीची बोली लावतात आणि मधला खर्च विसरतात.

खर्च काढताना गहाळ वस्तूंची यादी वेगळी करा. इंजिनचे पार्ट मिळतात. पण मागचं फाळकं, छताच्या कमानी, सीटच्या मूळ चौकटी, वायपरची मोटर, जॅक, ह्या छोट्या वस्तू शोधायला वर्षं जातात. तुमच्या पहिल्या गाडीत जॅक गाडीच्याच रंगाचा आहे, हे ऐकून मी लगेच कान टवकारले. जिथे जॅक हरवला नाही तिथे बाकीचंही सहसा हरवलेलं नसतं.

आणि कागद. चासीवरचा नंबर, कागदावरचा नंबर आणि मालकाचं नाव हे तीन जुळत नसतील तर गाडी फुकट मिळाली तरी नको.

सात_खाचा
कागदावरून जोडतो, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या स्काउट गाडीचं हे सुख आहे, तिच्यासोबत लाइन सेटिंग तिकीट नावाचा कागद यायचा. कारखान्यातून कुठला रंग, कुठला गिअरबॉक्स, कुठला अॅक्सल रेशो घेऊन निघाली सगळं त्यावर. आजही नंबरवरून त्याची प्रत काढता येते. बाकीच्या सगळ्याच गाड्यांना असं नसतं, जिथे नाही तिथे जुनी बिलं, सर्व्हिसची वही, मूळ मालकाकडचे फोटो हेच. शेडच्या मालकाला विचारा, असे कागद माणसं फेकत नाहीत, कुठल्यातरी डब्यात असतात.

लो_रेंज
माझं मत थोडं बदललंय. सगळं मूळ असेल तर मीही हात लावणार नाही. पण चासी खरंच संपलेली असेल तर नवी टाकायला लाजू नका, फक्त जुनी भंगारात देऊ नका, नंबरचा तुकडा तर नाहीच नाही. आणि नंबर नव्या चासीवर नेण्याचे कायदे जागोजागी वेगळे आहेत, आधी परवानगी मग काम.

टायरखुणा
काल परत जाऊन आलो, या वेळी हातोडी, टॉर्च, फडकी, ठोकळे सगळं घेऊन. मालक काका स्वतः खाली वाकून टॉर्च धरून बसले होते.

मागचा क्रॉस मेंबर टणटणीत. डाव्या बाजूचा बल्कहेडचा आउटरिगर भद्द वाजला, स्क्रू ड्रायव्हर जवळजवळ एक इंच आत गेला. उजवा चांगला. पायाजवळचे दोन्ही कोपरे पातळ झालेत पण खांब हलत नाहीत. कुठेही पॅच नाही, कुठेही काळा कोट नाही. डाव्या स्विव्हलला तीन खड्डे, उजवा गुळगुळीत. मागच्या डिफरेन्शियलचं तेल काळं पण स्वच्छ, पुढचं किंचित दुधाळ. दोन्हीकडे शाफ्टचे फेरे पावणेपाचच्या आसपास आले. प्लग काढून ऑइल सोडून ठेवलंय, फिरवायला रविवारी जाणार.

नंबर उजव्या बाजूच्या पुढच्या स्प्रिंग हँगरवर शोधायचा असं वाचलं होतं. चिखल आणि ग्रीसचा बोटभर थर होता, डिझेलच्या फडक्याने पुसत गेलो, आधी शेवटचे दोन अंक दिसले, मग हळूहळू सगळे. काकांनी कागद काढून एकेक अंक मोठ्याने वाचला आणि मी खालून हो म्हणत गेलो. जुळला. मग तेच उठले आणि आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आले, त्यात सर्व्हिसची वही, तीन जुनी बिलं आणि गाडी नवी आली त्या दिवसाचा फोटो. फोटोतही बॉनेटवर स्टेपनी आहे.

दुसरी गाडी बघायला खाली झोपू का विचारलं तर विकणारा म्हणाला गरज नाही, सगळं नवीन केलंय. मी तिथेच थांबलो.

हिशोबनीस काकांच्या पद्धतीने आउटरिगर, स्विव्हल, क्लच, ब्रेक, टायर, टाकी, पुढचा डिफरेन्शियल सगळं धरून आकडा काढला तर तो मागणीपेक्षा थोडा खाली आला. तो यादीसकट मालक काकांसमोर ठेवला. त्यांनी यादी वाचली, रविवारी इंजिन हाताने फिरलं तर त्याच आकड्याला देतो म्हणाले.

एक प्रश्न राहिला. घरी आणल्यावर त्या खडूसारख्या रंगाचं काय करू, धुवू का?

रंगाचा_थर
आणायच्या आधीच, शेडमध्ये आहे तशी, चारही बाजूंनी आणि खालून फोटो काढून ठेवा. मग नुसतं साधं पाणी आणि मऊ स्पंज, प्रेशरची नळी अजिबात नको, रबिंगही नको. पूर्ण वाळल्यावर मला स्टेपनीखालचा आणि दरवाजाचा असे दोन फोटो पाठवा, मग पुढचं सांगते.